यमनाप्पांचा व्हिडिओ

वडगावातल्या मागवाल्यांच्या गल्लीत यमनाप्पांना ऐकू कमी येतं, हे सगळ्यांना ठाऊक होतं. उभा जन्म पॉवरलूमच्या खडखडाटात गेला, त्यात कान गेले. साड्या विणणं मात्र सुटलं नव्हतं.

राजेश्वरी त्याच गल्लीत राहायची आणि शहापुरात साडीच्या दुकानात कामाला जायची. एका दुपारी गिऱ्हाईक नव्हतं, तेव्हा बरोबरच्या मुलीनं हसत हसत मोबाईल तिच्यापुढं धरला. व्हिडिओत यमनाप्पा किराणा दुकानापुढं पिशवी घेऊन उभे होते. मागून पोरांच्या घोळक्यातल्या कुणीतरी त्यांना घाणेरडी शिवी दिली. ते वळले आणि म्हणाले, "काय?" पोरांनी हसऱ्या तोंडानं तीच शिवी पुन्हा, हळू आवाजात दिली. यमनाप्पा पुन्हा "काय?" म्हणाले. शेवटी, पोरं काहीतरी चांगलंच बोलत असणार असं समजून त्यांनी हात वर केला. "बरं बरं, सुखी ऱ्हावा," म्हणाले. त्यावर पोरं खिदळली. त्या हसण्यात एक आवाज राजेश्वरीच्या मुलाचा, साईनाथचा होता. आईला तो दुसऱ्यांदा ऐकावा लागला नाही.

संध्याकाळी तिनं घरात विषय काढला. नवरा नागोजी म्हणाला, आजकालची पोरं अशीच, वाढवू नकोस. कॉलेजात जाणाऱ्या साईनाथनं मान वर न करता सांगितलं की व्हिडिओ त्याच्या मित्रानं, रवळूनं काढलाय, आपण तो मोबाईलमधनं काढूनसुद्धा टाकलाय, आणि असं सगळेच करतात.

"आणि त्यास्नी तरी कुठं कळलंय?" तो म्हणाला.

राजेश्वरीला हे शिवीपेक्षा जास्त लागलं. "कळलं न्हाय म्हणूनच तुला जायला पायजे," ती म्हणाली. "उद्या सकाळी माझ्यासंगं यायचं आणि आप्पांची माफी मागायची."

सकाळी ती उठली तेव्हा साईनाथ घरात नव्हता. अभ्यासाला रवळूकडं पिरनवाडीला गेलोय, असा निरोप मोबाईलवर आला होता. तिनं दुकानात सुट्टी सांगितली आणि पिरनवाडीची बस धरली.

रवळूच्या घरी दोघं पोरं सोफ्यावर मोबाईल बघत बसली होती. आईला दारात बघून साईनाथ चपापला. संध्याकाळी येतो म्हणाला. राजेश्वरी म्हणाली, ये की, तवर मी बसते. आणि ती खरंच बसली. रवळूची आई जयाबाई चहा घेऊन आली आणि तिनं सहज विचारलं, काय काम काढलंत? राजेश्वरीनं आवाज न चढवता सगळं सांगितलं. शिवी कुठली होती तेसुद्धा सांगितलं. जयाबाई आपल्या मुलाकडं बघत राहिली. रवळू उठून मागच्या दारानं बाहेर गेला. तो यमनाप्पांच्या दारात आजतागायत आलेला नाही. साईनाथनं चपला घातल्या. पुढच्या बसनं मायलेक वडगावला परतले.

गल्लीत वीज गेली होती, माग बंद होते. यमनाप्पा दारात कांड्यांवर सूत भरत बसले होते, शेजारी त्यांची बायको ताराबाई तांदूळ निवडत होती. साईनाथ जमिनीकडं बघत काहीतरी पुटपुटला.

"काय?" यमनाप्पांनी विचारलं.

तो पुन्हा पुटपुटला. नवऱ्याला समजावून सांगायला ताराबाईनं तोंड उघडलं, पण राजेश्वरीनं तिला थांबवलं. "ताराक्का, तुम्ही नको. त्यालाच सांगू दे."

व्हिडिओ एवढा शब्द मात्र यमनाप्पांना कळला होता. "मोबाईलमधी मी हाय व्हय? दाखव की मग," ते खुशीत म्हणाले.

काढून टाकलाय म्हणणाऱ्या साईनाथच्या मोबाईलमध्ये तो अजून होता. त्यानं तो लावला. यमनाप्पांनी डोळ्यांजवळ धरून स्वतःला बघितलं, स्वतःचा वर केलेला हात बघितला. "झ्याक दिसतंय," ते म्हणाले. "आणि तुम्ही पोरं काय म्हणतायसा ह्यात?" मग त्यांनी कानामागं हात धरला आणि वाट बघितली.

गल्ली एवढी शांत होती की समोरच्या दोन घरांतली माणसं दारात येऊन उभी राहिली. साईनाथनं आईकडं बघितलं. ती जागची हलली नाही. शेवटी त्यानं मान वर केली आणि तो सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला, "आप्पा, आम्ही तुम्हास्नी शिव्या देत हुतो. तुम्ही आशीर्वाद दिलासा आणि आम्ही हसलो. माझं चुकलं."

ह्या वेळी यमनाप्पांनी "काय?" विचारलं नाही. मोबाईल त्यांनी त्याच्या हातात परत दिला.

"मला वाटलं, पोरं थांबून माझी विचारपूस करत्यात," ते म्हणाले. "घरी येऊन हिलाबी सांगितलं मी तसं."

ताराबाई सूप तिथंच ठेवून आत गेली. यमनाप्पा पुन्हा कांडीकडं वळले. वर न बघता म्हणाले, "पुढं काय बोलायचं असलं तर समोर येऊन मोठ्यानं बोल. तोंड बघितलं की कळतंय मला."

घराकडं येताना साईनाथ वाटेतच थांबला. त्यांनी माफ केलं न्हाय, तो म्हणाला.

"मागणं तुझ्याकडं हाय. देणं त्यांच्याकडं," राजेश्वरी म्हणाली. "तुझं तू केलंस."

पण तेवढ्यावर भागणार नव्हतं. व्हिडिओ तोवर निपाणीला पोचला होता. तिथल्या नणंदेनं, पूर्णिमानं, तो नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकला, खाली हसरे चेहरे लावून. राजेश्वरीनं त्याखाली लिहिलं, हे आमच्या गल्लीतले यमनाप्पा आहेत, ह्यात हसणारा माझा मुलगा आहे, त्यानं माफी मागितली आहे, कुणी पुढं पाठवू नका. आपला उल्लेख नको म्हणून साईनाथनं गयावया केली. तिनं ऐकून घेतलं आणि पाठवलं.

पूर्णिमाचा लगेच फोन आला. घरच्या पोराची अब्रू चारचौघांत कशाला घालवायची, असं तिचं म्हणणं होतं. राजेश्वरी शांतपणे म्हणाली, दुसऱ्याच्या म्हाताऱ्या माणसाची घालवलीच आहे, आता आपली थोडी गेली तर जाऊ दे.

त्यानंतर जिथं जिथं तो व्हिडिओ तिला दिसला, तिथं तिथं तिनं तेच लिहिलं. काहींनी काढून टाकला, काहींनी तिलाच ग्रुपमधून काढलं. वडगावच्या गणेश मंडळाच्या ग्रुपवर लिहायला ती गेली, तेव्हा तिच्या आधीच कुणीतरी लिहून ठेवलं होतं, ह्यात हसणारा मी आहे, मी माफी मागितली आहे, कुणी पुढं पाठवू नका. खाली साईनाथचं पूर्ण नाव होतं.