पांढरी सहा

सौरभने कानांवरचा हेडफोन काढून माइकच्या दांडीला अडकवला आणि काचेपलीकडे बसलेल्या संदेशला हातानेच सांगितलं, बास झालं.

दिलसुखनगरच्या त्या तळघरातल्या स्टुडिओत सकाळपासून एकच गाणं चाललं होतं. वर कोचिंग क्लास. पोरं जिना उतरायला लागली की छत धडधडायचं आणि काम थांबवावं लागायचं. पण आज घोडं अडलं होतं ते पोरांपायी नव्हे. सौरभचाच सूर लागत नव्हता. अल्बममधली बाकीची गाणी नवी, ती झाली होती आणि झकास झाली होती. राहिलं होतं ते 'गच्ची', कॉलेजात असताना लिहिलेलं. त्याच्यावाचून अल्बम काढायचा तर न काढलेलाच बरा, असं बँडमधल्या तिघांचंही म्हणणं. गाण्याचं पहिलं कडवं नुसत्या गळ्यावर, साथीला काही नाही. मग गिटार यायची, आणि ती आली की कळायचं, गळा एकीकडे चाललाय आणि गिटार दुसरीकडे. आधी सूर कानात घालून पाहिला, तरी दुसऱ्या ओळीपर्यंत गळा आपला वर सरकायचा.

"अन्ना, मशीनवर खाली ओढून घेतो ना," संदेश म्हणाला. "दोन मिनिटांचं काम."

"ऐकलं मघाशी. माझा आवाजच राहत नाही तो."

"मग?"

"मग दुसरं कुणीतरी गाईल. तुझा तो मित्र गातो ना, तरणा आहे. उद्या बोलाव त्याला."

कोपऱ्यात गिटार पुसत बसलेल्या कौस्तुभने मान वर केली आणि परत खाली घातली. तो याच कामासाठी टोरांटोहून आला होता आणि रविवारी परत जायचा होता. ड्रम्स वाजवणारी नीलिमा मात्र गप्प बसणाऱ्यांतली नव्हतीच.

"सौऱ्या, येडा झालास का? 'गच्ची' दुसरा कुणी गाणार?"

"अडतिशी झाली, बाई. गेला गळा. नाही लागत आता."

हे त्यानं हसून सांगितलं. नोकरी, लग्न, हप्ते, सगळं रीतसर झालं होतं. आपल्याजवळ एक गळा आहे, वेळ मिळाला की गाऊ, या भरवशावर त्यानं इतकी वर्षं काढली होती. वेळ मिळाला, आणि गळाच नाही.

बँडचं नाव 'हल्लू', म्हणजे हळू. आता किंचाळणाऱ्या बँडचं नाव कुणी 'हल्लू' ठेवतं का? पण ते त्यांनी ठेवलंच नव्हतं. बरकतपुऱ्यात कौस्तुभच्या घरी, पुढच्या खोलीत त्यांची तालीम चालायची, आणि खालच्या मजल्यावरचे घरमालक जिन्यातून ओरडायचे, "हल्लू बजाओ बाबा, हल्लू!" तेच नाव पडलं. इमो म्हणतात त्या तऱ्हेची गाणी. छातीत जे जे साठलंय ते सगळं बाहेर काढायचं, आणि ते बोलून संपत नाही म्हणून शेवटी किंचाळायचं. कौस्तुभची आई, कुसुमताई, म्हणायच्या, "पोटभर जेवता, गाडीवर फिरता, आणि रडगाणी कसली गाता रे?" म्हणायच्या, आणि पोह्यांच्या बश्या पुढे सरकवायच्या.

संदेश पडद्यावर काहीतरी निरखत होता.

"अन्ना, एक सांगू? गळा गेलेला माणूस कधी वर जातो, कधी खाली जातो. तुम्ही दर वेळी तेवढेच वर जाता. पूर्ण सूरसुद्धा नाही, अर्ध्याच्याही आतच. सगळे टेक बघा, एका रेषेत आहेत."

मग नीलिमा एकदम उठून उभी राहिली.

"कौस्तुभ, काकूंची पेटी आहे का अजून?"

त्या काळी गिटार सुरात लावायचं यंत्र कुणाजवळ होतं? कुसुमताई भजनी मंडळ चालवायच्या. त्यांची बाजाची पेटी त्याच खोलीत असायची. मुलांनी पहिल्या दिवशी विचारलं तेव्हा त्यांनी पेटीवर बोट ठेवून सांगितलं होतं, "ही पांढरी सहा. माझी पट्टी. लावा हिच्यावर." मग रोजच, तालमीआधी एकदा पांढरी सहा वाजायची, गिटारची तार तिला मिळवायची आणि सौरभने तिथूनच गाणं उचलायचं. पेटी सासऱ्यांच्या वेळची, जगाच्या सुराशी तिचं किती जमतं हे पाहायला कोण गेलं होतं? खोलीतल्या खोलीत सगळं जुळत होतं.

"म्हणजे मी बरोबर गातोय?" सौरभने विचारलं.

"तू पेटीबरोबर गातोयस," कौस्तुभ म्हणाला, आणि आठवडाभरात पहिल्यांदा मोकळा हसला.

संध्याकाळी तिघं बरकतपुऱ्याला गेले. सौरभ जिना चढला तो दोन-दोन पायऱ्या टाकत. पेटीचा सूर एकदा कानावर पडू दे, गिटार तिच्यावर लावू, आणि गाणं आजच्या आज संपवू. संदेशच्या त्या मित्राला बोलवायची गरज नाही. आनंदानं त्याला गप्प बसवत नव्हतं.

कुसुमताईंनी दार उघडलं. केस पार पांढरे, चष्म्याची काच जाड झालेली.

"अगं बाई, तिघं एकदम? या की. पोहे टाकते."

"काकू, पोहे मागून. आधी पेटी."

त्यांनी कापड बाजूला केलं, भाता उघडला आणि पांढरी सहा दाबली. सौरभ डोळे मिटून ऐकत होता. त्यानं डोळे उघडले. कौस्तुभने खिशातून फोन काढून त्यावर सूर तपासला. बरोबर होता. अगदी बरोबर, जगात सगळीकडे असतो तसा.

"आई, ही तीच पेटी ना?"

"तीच तर. मागल्या वर्षी सुरात लावून घेतली. पुण्याच्या दोन मुली फोनवर शिकतात, त्या तंबोऱ्याचं ते ॲप लावतात. त्यांचं आणि माझं जमेना. पेटीवाला म्हणाला, मावशी, ही चढली आहे. एका दिवसात करून दिली बिचाऱ्याने." त्या थांबल्या. "का रे, काय झालं?"

सौरभ खुर्चीवर बसला. तो सूर आता कुठेच नव्हता. कौस्तुभने सांगायला सुरुवात केली: गाणं, गिटार, गळा वर सरकतो ते, दर वेळी तेवढाच सरकतो ते. कुसुमताई ऐकत होत्या. हात भात्यावर होता, पण भाता हलत नव्हता.

"दर वेळी तेवढाच?" त्यांनी विचारलं.

"हो. का?"

"माझाही सरकतो," त्या म्हणाल्या. "पेटी सुरात लावून आली त्या दिवसापासून. पोरींना शिकवते ते बोटांनी, गात नाही. मंडळ बंद केलं. म्हटलं, वय झालं, बेसूर होण्यापेक्षा गप्प बसावं."

"मला फोनवर सांगायचीस, खोकला आहे," कौस्तुभ म्हणाला.

"मग काय सांगू?"

नीलिमानं पेटीचा भाता हलकेच मिटवून टाकला. कुणी काही ठरवलं नाही. सौरभ उठला, खिडकीशी गेला, आणि 'गच्ची'चं पहिलं कडवं त्यानं उचललं, नुसत्या गळ्यावर, गळा जिकडे नेईल तिकडे. किंचाळायची जागा आली तिथे तो थांबला आणि पहिल्या सुरावर परत येऊन तो धरून राहिला. कुसुमताईंनी ओठ दोनदा हलवले. मग त्या सुरात त्यांचा आवाज मिसळला, आधी कापरा, मग सरळ. कुठे खटकलं नाही. दोघांमधून कागदसुद्धा सरकला नसता.

त्यांनी डोळ्यांना पदर लावला. "म्हणजे माझा गळा शाबूत आहे तर," त्या म्हणाल्या. कौस्तुभ त्यांच्या पायाशी जमिनीवर येऊन बसला.

गाणं त्याच खोलीत रेकॉर्ड झालं. संदेश मशीन घेऊन आला, गाद्या भिंतीला उभ्या केल्या, आणि गिटारची तार या वेळी सौरभच्या गळ्याला मिळवून घेतली. कौस्तुभ रविवारी गेला. अल्बम त्यानंतर महिनाभराने, एका शुक्रवारी आला.

त्या सकाळी सौरभ चिक्कडपल्लीच्या बाजारात भाजी घेत होता. फोन सारखा वाजत होता. कॉलेजातली माणसं, ऑफिसातली माणसं, कुठकुठची माणसं. कुणीतरी लिहिलं होतं, शेवटच्या गाण्यात गिटार सुरात नाही, नवशिके दिसतात. नीलिमा त्याला झोडायला निघाली होती. सौरभने तिला म्हटलं, जाऊ दे.

मग काकूंचा फोन आला. तसा तो रोजच यायचा, सकाळी, त्या गायला बसायच्या आधी. नीलिमानं सौरभचा सूर त्यांच्या फोनमध्ये भरून दिला होता, कुठे दाबायचं तेही शिकवलं होतं. तरी त्या फोन करायच्या, "सा दे" म्हणायच्या, तो द्यायचा, त्या ठेवून द्यायच्या. आज मात्र अल्बमबद्दल काही बोलतील, म्हणून तो गर्दीतून जरा बाजूला झाला.

"ऐकलात का, काकू?"

"ऐकते रे दुपारी. आधी सा दे. आणि आज जरा लांब धर, मंडळाच्या सगळ्याजणी आल्यात."

सौरभने टोमॅटोची पिशवी खाली ठेवली आणि सूर लावला. भाजीवाली तराजू हातात धरून त्याच्याकडे बघत राहिली. पलीकडे आधी काकूंचा आवाज आला, मग दुसऱ्या कुणा बाईचा, मग एकेक करत खोलीभर बायकांचा. त्याचा श्वास संपला. त्यानं तो परत घेतला आणि सूर पुन्हा धरला.