जोच्या बाजूनं

माझे वडील, आबा, आणि त्यांचे दोस्त सटवाजीकाका यांनी पंधरा वर्षं एक लढत लावून ठेवली होती, आणि ती कधी झालीच नाही. एका बाजूला जो लुई, दुसऱ्या बाजूला जॅक डेम्प्सी. दोघंही अमेरिकेचे, दोघंही मुष्टियुद्धातले जगज्जेते. पण एक मावळल्यावर दुसरा उगवला, त्यामुळे समोरासमोर आलेच नाहीत. दोघं आपापल्या ऐन भरात असताना गाठ पडली असती तर कोण जिंकलं असतं, एवढाच वाद.

आबा पूर्णा जंक्शनच्या इंजिनशेडमध्ये फिटर होते आणि काका ड्रायव्हर. निजामाच्या रेल्वेत गोऱ्या ड्रायव्हरांसाठी एक क्लब होता. तिथं मुष्टियुद्धाचं रिंगण होतं, इंग्रजी वर्तमानपत्रं येत. आबा लढतीच्या वेळी पाण्याची बादली आणि टॉवेल घेऊन कोपऱ्यात उभे राहत आणि शिळे अंक घरी आणत. इंग्रजी वाचायला मी त्या अंकांवरच शिकले. काकांना वाचता येत नव्हतं. तरुणपणी ते ज्याच्या हाताखाली कोळसा टाकत, त्या ड्रायव्हरच्या पेटीच्या झाकणाला आतून डेम्प्सीचा फोटो चिकटवलेला होता. तेवढ्यावर ते डेम्प्सीचे झाले.

"वैज्या, तुहा जो दमानं खेळणारा गडी," काका आबांना म्हणायचे. "डेमसी दम घिऊ देतो व्हय?"

"तुह्या डेमसीला रिंगणाभाईर फेकला व्हता की बोचक्यावानी!"

"मंग वर यिऊन जिंकला का न्हाई? ते सांग."

"जोनं त्या जर्मनाला दोन मिन्टात झोपवला. दोन मिन्टं! तुला तंबाखू मळायला जास्त लागत्यात."

"अन् परवा त्या नव्या पोरानं लोळवला तवा?"

"तवा जो सदतीस वर्षांचा व्हता. भरातला धरायचा ठरलंय आपलं. ठरलंय का न्हाई?"

"ठरलंय बाबा. तिशी उलटली की गडी खचला, त्याचं धरायचं न्हाई."

मी तेव्हा चहा गाळत होते. मला एकतिसावं लागलं होतं. नवरा गेल्यावर परत आले, मॅट्रिक झाले, शिक्षिकेचं प्रशिक्षणही पूर्ण केलं. त्यालाही चार वर्षं झाली होती.

त्रेपन्न सालच्या संक्रांतीनंतर आबांना लकवा झाला. उजवं अंग गेलं, तोंड वाकडं झालं, बोलणं चिखलात रुतल्यासारखं झालं. डावा हात मात्र चालत होता. काका तिसऱ्या दिवशी आले. इंजिनाच्या आवाजानं त्यांचे कान केव्हाच गेले होते. समोरच्याचे ओठ पाहून ते बोलणं ओळखायचे. इंजिनावर सगळे तसंच करतात. पण आबांच्या वाकड्या ओठांवरून त्यांना काही उमगेना. ते माझ्याकडे बघू लागले.

"कोके, काय म्हनायलाय ह्यो?"

मला कळलं होतं. पंधरा वर्षं ऐकलेली वाक्यं होती ती. मी काकांकडे तोंड करून सांगितलं, "आबा म्हणतात, डेम्प्सीला जवळ यावं लागतं, आणि जो जवळ येऊच देत नाही."

काका मांडी थोपटत हसले. "मरायला टेकलं तरी ऐकत न्हाई बेणं!" आबाही अर्ध्या तोंडानं हसले. आजारपणानंतरचं ते पहिलं हसू.

मग रोज दुपारी चारला काका येत. आबा दोन शब्द बोलत, मी चार करून सांगत. पुढं पुढं आबांचे शब्द कमी झाले आणि माझी वाक्यं लांबली. मी जुने अंक पुन्हा काढून वाचले. आबांनी कधी काढले नव्हते असे मुद्दे मी त्यांच्या नावावर काढू लागले. आबा डावा हात पुढं करायचे, आणि मी म्हणायचे, "आबा म्हणतात, जोचा डावा हात बघा, समोरच्याला पुढं सरकूच देत नाही." काकांना पटायचं नाही, पण ते दुसऱ्या दिवशी उत्तर घेऊन यायचे. काका यायचे म्हणून आबा तीन वाजल्यापासून दाराकडे बघत राहायचे. ही एवढी गोष्ट मी सांभाळत होते.

मेच्या शेवटी पत्र आलं. पाथरीच्या मुलींच्या शाळेत जागा होती. पंधरा जूनच्या आत हजर व्हायचं होतं. मी ते आबांना वाचून दाखवलं आणि घडी करून डब्यात ठेवलं. दुसऱ्या दिवशी कडूआत्या, आबांची बहीण, गंगाखेडहून आली.

"मी ऱ्हाते इथं," ती म्हणाली. "तू जा. भावाचं करायला मला काय जड हाय का?"

"त्यांचं बोलणं तुला कळणार नाही, आत्या."

"भूक लागली, तहान लागली, येवढं कळतंय की."

"एवढंच नसतं," मी म्हणाले. ती चार दिवस राहिली आणि गेली.

पत्र आल्यापासून आबांचा एक शब्द वाढला होता. जो. आधी काका समोर असतानाच म्हणायचे; आता केव्हाही. मी पेज भरवताना, अंग पुसताना, केस विंचरताना ते माझ्याकडे बघायचे आणि ताकद लावून म्हणायचे. शब्दाचा शेवट नीट व्हायचा नाही. मी म्हणायचे, "हो आबा, जोच जिंकणार." ते डोळे मिटून घ्यायचे. मला वाटायचं, समाधान झालं.

असं मला वाटायचं, हे मी लिहिते आहे. ते खरं आहे का, हे मला आता सांगता येत नाही.

बारा जूनला काका नेहमीच्या वेळी आले. चहा घेतला नाही. खाटेजवळ स्टूल ओढलं आणि बराच वेळ आबांच्या तोंडाकडे बघत बसले. इंजिनावर असताना वाफेच्या काट्याकडे बघत असतील तसं. मग त्यांनी डोक्यावरची टोपी काढून गुडघ्यावर ठेवली.

"वैज्या," ते म्हणाले, "मी हारलो. तुहा जो जिंकला. डेमसी पडला, धा आकडे मोजून झाले, उठला न्हाई. पंधरा वर्सं भांडलो, आता मिटलं. आता तुला जो म्हनायचं काम न्हाई."

आबा त्यांच्याकडे बघून हसलेसुद्धा नाहीत. एवढी पंधरा वर्षांची लढत जिंकलेला माणूस, पण त्यांनी मान वळवली ती माझ्याकडे. डावा हात उचलला. मूठ नव्हती, पाचही बोटं उघडी होती. तो हात त्यांनी माझ्या दिशेनं ढकलला, मग दाराच्या दिशेनं, पुन्हा माझ्या. आणि तोच शब्द म्हणाले. एकदा. थांबून पुन्हा एकदा.

मराठीत जोवरची एक मात्रा काढली, तर तो दुसराच शब्द होतो.

काका माझ्याकडे वळले नव्हते, आबांकडेच बघत होते. "जो म्हनताना व्हट गोल व्हतेत, कोके," ते हळू म्हणाले. "वैज्याचे व्हट वाकडे झाले, पर थोडे गोल व्हत व्हते. फागुनात मी सोता पाह्यलेत. ह्या पंधरवड्यात त्वांड उघडंच ऱ्हायलंय." मग त्यांनी माझ्याकडे तोंड केलं आणि नेहमीसारखं विचारलं, "आता सांग. काय म्हनायलाय?"

बाहेर मनमाडकडची गाडी सुटायची होती. त्याच गाडीनं मानवत रोडला उतरून पाथरीची मोटार धरायची असते. मला पत्र आलं त्याच दिवशी ते ठाऊक झालं होतं. माझी ट्रंक खाटेखालीच होती. तीन दिवस हातात होते. आबा माझ्याकडे बघत होते.

तो शब्द मी एकदा नीट सांगितला असता तर मला जावं लागलं असतं. आणि मग फेब्रुवारीपासून या घरात कोण कुणासाठी बोलत होतं, तेही सांगावं लागलं असतं.

"आबा म्हणतात," मी म्हणाले, "जो."

काका माझ्या ओठांकडे बघत होते. माझे ओठ चांगले आहेत. ते नीट गोल झाले असणार.

त्यांनी टोपी घातली. "बरं," म्हणाले, आणि उठले. दाराशी थांबून म्हणाले, "उद्या येतो. डेमसीचं एक ऱ्हायलंय सांगायचं."

ते रोज येत राहिले. मी रोज जोच्या बाजूनं बोलत राहिले. पंधरा तारीख गेली. आबा आश्विनात गेले. त्या चार महिन्यांत तो शब्द त्यांनी पुन्हा उच्चारला नाही. चार वाजता काका आले की ते डोळे मिटून पडून राहायचे, आणि मी म्हणायचे, आबा ऐकतायत.