पेनीमामा पळायचा

मला कोणी सांगितलं होतं शहाणपणा करायला? कोणी नाही. माझी मीच हौस.

ताइमाने माझी मामेबहीण. तिचं लग्न शनिवारी, आमच्या मांगेरे उपनगरातल्या चर्चच्या हॉलमध्ये. आम्हा सामोअन लोकांच्या लग्नात शेवटी नवरी ताउआलुंगा नाचते, आणि तो झाला की मग कोणी पाय हलवायचा नाही. ताइमानेला तो नाच तिच्या बापाच्या आवाजावरच हवा होता. बाप म्हणजे माझा पेनीमामा, तीन वर्षांपूर्वी गेला. त्याचा आवाज उरलाय तो एका कॅसेटवर. तिकडे सामोआत, आपियाला कुणाच्या तरी लग्नात गिटार बडवत गायलेलं गाणं, अडीच मिनिटांचं. अडीच मिनिटांत आमची नवरी नुसते हात वर करते! सगळ्या आत्या-मावश्यांना तिच्या मागे येऊन धिंगाणा घालायला निदान दहा मिनिटं लागतात.

"तुमेमा, तूच एडिट करून दे," ताइमाने म्हणाली.

एडिट म्हणजे माझ्या डाव्या हातचा मळ. पंधरा वर्षं लग्नांत आणि वाढदिवसांना गाणी लावतेय. जुनं गाणं घ्यायचं, कापायचं, चांगला तुकडा पुन्हा पुन्हा जोडायचा, खाली दणदणीत ठेका घालायचा. लोक पार घाम निघेपर्यंत नाचतात.

फामानुमामीने कॅसेट दिली ती नाक मुरडतच. "त्याला कापणार तू?"

"मामी, गाणं कापणार."

"तेच ते. आधी मला ऐकव. मला पटलं नाही, तर हे हॉलमध्ये वाजणार नाही. ताइमाने नाचेल रेडिओवरच्या एखाद्या गाण्यावर."

आणि मामी बोलली ती बोललीच. ताइमानेला हे सांगायचं माझं धैर्य झालं नाही.

शुक्रवारी दुपारी मामी माझ्या गॅरेजमध्ये आली. कोकोचा कप हातात धरून, डोळे मिटून ऐकायला लागली. मिनिटभरात डोळे उघडले.

"हा पेनी नाही."

"मामी, असं काय करतेस? आवाज त्याचाच आहे!"

"आवाज त्याचा आहे. माणूस दुसराच आहे कोणीतरी. चर्चला उशिरा येऊन दबकत चालणारा."

माझं डोकंच फिरलं. तीन आठवडे मान मोडून काम केलं होतं मी. "मग काय चुकलं ते तरी सांग!" असं मोठ्या बाईवर ओरडले. आई असती तर थोबाडात बसली असती.

मामी शांतपणे म्हणाली, "पेनी पळायचा. ओळ संपत आली की त्याला धीर म्हणून नसायचा. मी मागे नाचायचे, मला धाप लागायची. जन्मभर भांडलो आम्ही त्यावरून. तू त्याला चालायला लावलंस."

मी कपाळावर हात मारला. बाई बरोबर बोलत होती. गाणं हातात आलं की आम्ही पहिल्यांदा काय करतो? मशीनवर चौकटी आखतो आणि प्रत्येक ठोका ओढून चौकटीत बसवतो, म्हणजे खालचा ठेका चुकत नाही. हातच करतात ते, विचार कोण करतो! तसा मी मामाही ओढून सरळ केला होता.

सगळं उसवलं. मामा पुन्हा पळायला लागला, पण मशीनचा ठेका मागे पडला, वरातीमागून घोडं. तीनदा बसवला, तिन्ही वेळा फसला. दुसऱ्या दिवशी लग्न.

"मामी, तूच वाजव."

"काय?"

मी बिस्किटांचा पत्र्याचा डबा रिकामा केला, दोन काठ्या तिच्या हातात दिल्या, कानांवर हेडफोन चढवले.

"वेड लागलंय का तुला? सहासष्ट वर्षांची बाई मी."

"तोंड कमी चालव, हात जास्त चालव."

मी आणि मामीला असं बोलले! पण तिने वाजवलं. पेनीमामा पळाला तशी ती मोठ्यांदा ओरडली, "थांब की रे मेल्या!" पुन्हा वाजवलं, पुन्हा मागे राहिली. कितीदाही केलं तरी अर्ध्या ठोक्याने मागेच. आणि देवाशपथ, तेच ऐकायला खरं वाटत होतं. मी तेच ठेवलं, आणि रात्री गाण्याच्या चार फेऱ्या जोडल्या.

"वाजव उद्या," जाताना मामी म्हणाली. "पण मी ऐकत बसेन की उठून बाहेर जाईन, ते मला विचारू नकोस."

शनिवारी दुपारी ताइमाने पिसांचा मुकुट घालून उभी राहिली. मी बटण दाबलं. बापाचा आवाज आला तसे पोरीचे हात नाचायला लागले. पहिल्या फेरीत मामा पळाला, ताइमाने मागे राहिली, अख्खा हॉल हसला. मामी दगडासारखी बसलेली. मी तिच्याकडेच बघत होते, नवरीकडे कसली बघतेय! दुसऱ्या फेरीला मामीचे ओठ हलले. तिसऱ्या फेरीला पाऊल. चौथ्या फेरीला ती उठली. मला वाटलं, चालली बाहेर.

ती लेकीच्या मागे जाऊन उभी राहिली. ओळ संपत आली, आणि मामा पळायच्या क्षणी तीही पळाली. मामा आणि मामी एकदमच पोचले. "आला! आला बघ!" ती ओरडली आणि सगळ्या आत्या-मावश्या धावत नाचात घुसल्या.

माझा जीव भांड्यात पडला. टेबलामागे उभी राहून मी खुशाल रडले.

गाणं संपल्यावर मामी धापा टाकत माझ्याकडे आली. पाण्याचा अख्खा ग्लास प्यायली.

"चाळीस वर्षं चकवलं मला त्याने," ती म्हणाली. "कुठून पळेल, कधी पत्ता लागला नाही. तू त्याला चारदा एकाच जागेवरून पळवलंस."

तिने न विचारता माझाच रुमाल ओढून तोंड पुसलं.

"चौथ्यांदा गाठला मी त्याला."