एकोणतीस डिसेंबरचा घोडा

अश्वारोहण महासंघाच्या खुर्च्यांवर बसलेल्या साहेबांनो, तुम्ही एका घोड्याचं अख्खं एक वर्ष गिळलंत आणि ढेकरही दिला नाहीत. तुमच्याकडे त्याचा नुसता नंबर आहे, म्हणून घोडा कसा दिसतो ते आधी ऐका. रंग तांबूस, मागचे दोन्ही पाय खाली पांढरे, डाव्या कानाला खाच. पागेत त्याला वकील म्हणत. प्रत्येक अडथळ्यासमोर तो कान टवकारून आधी मुद्दा ऐकून घेई आणि मगच उडी मारी. मुद्दा पटला नाही तर जागच्या जागी थांबे. अशा वेळी स्वार एकटाच अडथळ्यापलीकडे जाऊन पडे.

त्याच्यावर नऊ हंगाम थोरली बसली. पागा तिच्या बाबांची. धाकटीने घोड्याच्या वासाला कंटाळून कधीच बँकेत नोकरी धरली होती, त्यामुळे पागेचा सगळा भार थोरलीवर. सकाळी सहा घोड्यांची लीद काढायची, दुपारी खरारा करायचा, संध्याकाळी लोकांच्या पोरांना रिंगणात गोल गोल फिरवून शिकवायचं. पोट चालत होतं ते या शिकवण्यांवर. आणि शिकवण्या मिळत होत्या त्या वकिलामुळे. स्पर्धेच्या निकालात थोरलीचं नाव दिसलं की आईबाप पोरांना घेऊन येत. दोन हंगाम नाव दिसलं नाही तर तेच आईबाप गाडी वळवून पलीकडच्या पागेत जात. हे तिने दुसऱ्या एका पागेच्या बाबतीत होताना पाहिलं होतं. तिथे आता टायरचं गोदाम आहे.

म्हणून तिने आधीच ठरवलं होतं. वकील थकायच्या आत विकायचा आणि आलेल्या पैशांत एक कोवळा घोडा घेऊन तयार करायचा. खोगिरांच्या खोलीत खिळ्याला टांगलेल्या वहीत तिने लिहून ठेवलं होतं: वकिलाचे नऊ लाख. त्यातून नवा घोडा साडेपाच. उरलेले साडेतीन दोन वर्षांची चंदी-वैरण, नाल, औषधं आणि वाहतूक यांना. दोन वर्षं अशासाठी, की चार वर्षांचा घोडा म्हणजे नुसतं खाणारं तोंड. उडी शिकवायची, तर आधी त्याला सरळ चालायला शिकवावं लागतं.

आणि मग जानेवारीत तुमचं परिपत्रक आलं. पंधरा वर्षांवरचा घोडा यापुढे वरच्या गटात उतरवता येणार नाही. वय कागदावरचं धरलं जाईल.

यात घोड्यांच्या धंद्याबाहेरच्या माणसाला काही वावगं दिसणार नाही. पण या धंद्यात सगळ्या घोड्यांचा वाढदिवस एकच असतो, एक जानेवारी. घोडा मार्चात जन्मलेला असो की जुलैत, एक जानेवारी उजाडली की सगळे एकदम एका वर्षाने मोठे. हिशेबाला सोपं. म्हणून शहाणा पैदासवाला फेब्रुवारी निम्मा सरल्याशिवाय घोडी घोड्याकडे नेत नाही. घोडी अकरा महिने गाभण राहते, शिंगरू जानेवारी लागल्यावरच यायला हवं.

बाबांनी इथे घाई केली. ज्या घोड्याकडे त्यांना घोडी न्यायची होती तो पुढच्या महिन्यात दूर कुठे तरी विकला जाणार होता. बाबांनी तेवीस जानेवारीलाच काम उरकून घेतलं. एकोणतीस डिसेंबरच्या सकाळी वकील पेंढ्यावर उभा राहिला, आणि तीन दिवसांनी तो कागदावर एक वर्षाचा झाला. तेव्हा त्याच्या अंगावरची लव नीट वाळलीही नव्हती.

तसं व्हायची गरज नव्हती. गुरांचा डॉक्टर म्हणाला होता, "तीन दिवस कळ काढा. मी एक तारखेला येऊन गेलो असं लिहितो. सगळ्यांचं तसंच लिहितो."

"पण तुम्ही आज आलात," बाबा म्हणाले.

"मला माहीत आहे हो मी कधी आलो ते."

"मग तेच लिहा."

डॉक्टरने तेच लिहिलं. त्यानंतर वकील जन्मभर स्वतःपेक्षा एका वर्षाने मोठ्या घोड्यांबरोबर उड्या मारत आला आणि कुणी त्याबद्दल हूं की चूं केलं नाही. कारण तो जिंकत होता.

घोडा बघायला दातांचा डॉक्टर आला, आपल्या मुलीसाठी. माणसांचे दात काढून त्याने चांगली माया जमवली होती. आल्या आल्या त्याने सवयीने वकिलाचा ओठ वर केला. वकिलाने कान उभारले आणि ऐकून घेतलं.

"दात चौदाचे आहेत," डॉक्टर म्हणाला.

"चौदाच वर्षांचा आहे तो," थोरली म्हणाली. "डिसेंबरात पूर्ण झाली."

"कागद पंधरा म्हणतो."

"कागदाला दात नसतात."

डॉक्टर हसला. मग त्याने मोबाइलवर तुमचं परिपत्रक काढून तिच्यापुढे धरलं. "बाई, मी दाताला पैसे दिले असते. पण स्पर्धेच्या फाटकावर कुणी तोंड उघडून बघत नाही. हा चौदाचा असता तर माझ्या पोरीला दोन हंगाम मिळाले असते आणि मी नऊ मोजले असते. एका हंगामाचे सव्वापाच."

ती पोरगी सोबतच आली होती. मुलगी तेवढ्यात खाली वाकून, कुणी सांगितलं नसताना, वकिलाचा खूर मांडीवर घेऊन साफ करत होती. खुराच्या मधल्या मऊ भागाला माती कोरायचा हूक लागू न देता करत होती. थोरलीने ते पाहिलं. आणखी दोन गिऱ्हाइकं येऊन गेली होती, दोघांनी चारच्या वर तोंड उघडलं नव्हतं.

"सव्वापाच," ती म्हणाली. "पण आज न्यायचा. उद्या माझं मन बदलेल."

गाडीच्या फळीसमोर वकील थांबला, कान टवकारले, मुद्दा ऐकला आणि आत गेला. फळी वर गेली. थोरलीने त्याची जागा झाडून काढली, पाण्याची बादली उपडी केली, आणि खोगिरांच्या खोलीत येऊन वहीत नऊवर काट मारली.

बाबा तिथेच एका खोक्यावर बसून लगामाला तेल लावत होते. कंबर गेल्यापासून त्यांच्याकडे बसून करायची कामं आली होती.

"किती?"

"सव्वापाच."

बाबांचा हात थांबला नाही. "म्हणजे पावणेचार गेले."

"तीन दिवसांचे पावणेचार लाख," थोरली म्हणाली. "दिवसाला सव्वा लाख. तुमच्याएवढी रोजंदारी कुणाला पडली नसेल, बाबा."

"तेव्हा खोटं लिहायला हवं होतं असं म्हणतेस?"

"तेव्हा तुम्ही घोडी उशिरा न्यायला हवी होती असं म्हणते."

"ते खरंय," बाबा म्हणाले आणि पुन्हा तेलात फडकं बुडवलं. हे त्यांनी चौदा वर्षांत पहिल्यांदा कबूल केलं.

बाबांचे जुने दोस्त तात्या घोड्यांची पैदास करत. थोरली त्यांच्याकडे गेली ती साडेपाचाचा घोडा सव्वापाचात कसा बसवायचा आणि वर दोन वर्षं चंदी कशी पुरवायची हा हिशेब डोक्यात घेऊन. हिशेब जमत नव्हता, पण घरी बसूनही तो जमणार नव्हता.

तात्यांनी एक काळा घोडा बाहेर काढला. वय चार, लांब पाय, डोळ्यांत थोडी शंका. दोरीवर धावताना त्याने वाटेतला एक पडलेला बांबू ओलांडला. पण ओलांडण्याआधी त्याने त्याच्याकडे बघितलं. थोरलीला वकील आठवला. तिने चेहऱ्यावर काही येऊ दिलं नाही, घोडा विकणाऱ्यापुढे येऊ द्यायचं नसतं.

"साडेपाच," तात्या म्हणाले. "दुसऱ्याला सहा सांगितले असते."

"दुसऱ्याला सात सांगितले असते आणि सहाला दिला असता. तात्या, मी तुम्हाला लहानपणापासून ओळखते."

तात्या चंदी आणायला गेले तेव्हा ती कोठीच्या दारात उभी राहिली. दाराच्या आतल्या बाजूला खडूने तारखा लिहिलेल्या होत्या. कुठली घोडी कधी व्याली त्याच्या. पैदासवाल्यांची ही जुनी सवय. कागद सरकारासाठी, दार स्वतःसाठी. कारण शिंगराला पहिलं औषध कधी द्यायचं ते खऱ्या तारखेवरून मोजावं लागतं. काळ्या घोड्याच्या आईच्या नावापुढे, चार वर्षांपूर्वीची, तीस डिसेंबर होती. तात्यांनी थोरलीच्या हातात दिलेल्या घोड्याच्या कागदावर दोन जानेवारी होती.

तात्या घमेलं घेऊन आले आणि तिची नजर कुठे आहे ते त्यांना दिसलं.

"दार पुसायचं राहिलं," ते म्हणाले.

"पुसू नका. पहिल्यांदाच खरं वाचतेय."

"अगं, सगळेच लिहितात असं. आणि नीट विचार कर. हा घोडा अंगाने चारचा आहे की नाही? आहे. माझा कागद काय म्हणतो? चार. मी खरी तारीख लिहिली असती तर कागदाने त्याला पाचचा म्हटलं असतं. म्हणजे खोटं कुणाचं, माझं की त्यांचं?"

तात्यांचं म्हणणं बरोबर होतं आणि तेच थोरलीला सहन होत नव्हतं.

"खरी तारीख लावून किती?" तिने विचारलं.

तात्यांनी घमेलं खाली ठेवलं. "कागदावर पाचचा, आणि अजून पाठीवर खोगीरही नीट घेत नाही. असा घोडा कोण घेतो? साडेतीन."

"तारखेच्या दुरुस्तीच्या अर्जावर सही कराल? चुकलं म्हणून?"

"करीन. तू नेऊन दे."

"आणि मी साडेतीनला नेला आणि अर्ज दिलाच नाही तर? मला दोन लाख फुकट."

तात्या पहिल्यांदा मनापासून हसले. "दुसऱ्या कुणाला हा भाव सांगितला नसता. तू त्याची पोर आहेस. तू देशील. देऊन वर पस्तावशील, पण देशील."

साडेतीन गेले. पावणेदोन उरले, म्हणजे एका वर्षाची चंदी आणि जेमतेम नाल. काटकसर केली, दोन पोरं जास्त शिकवली, तर ओढून ताणून दोन वर्षं. त्यानंतर काळा घोडा निकालात दिसला तर पागा राहील.

सोमवारी सकाळी ती अर्ज घेऊन तुमच्या कार्यालयात आली. तुम्ही आत होतात. काचेच्या खिडकीत एक बाई बसल्या होत्या, चष्मा डोक्यावर, समोर जाड रजिस्टर.

"जन्मतारखेची दुरुस्ती?" बाईंनी अर्ज वाचला. "अहो, घोडा एका वर्षाने मोठा होईल."

"कागदावर."

"आमच्याकडे कागदच असतो." त्यांनी आवाज खाली आणला. "हे बघा, दुरुस्ती मागितली म्हणजे आधी चुकीची माहिती दिली हे सिद्ध झालं. मग घोड्याचा नंबर वर्षभर बंद. पैदासवाल्याला दंड. नियम आहे."

"आणि दुरुस्ती नाही मागितली तर?"

"तर काहीच नाही. चालू आहे तसं चालू." बाईंनी अर्ज काचेखालून परत सरकवला. "घरी न्या. मी पाहिलाच नाही."

थोरलीने अर्जाला हात लावला नाही. बंद नंबरचा घोडा सरावाच्या स्पर्धांतही उतरत नाही, म्हणजे तयारीच्या दोन वर्षांची तीन होणार आणि पावणेदोन लाख त्याआधीच संपणार. हे गणित करायला तिला वही लागली नाही.

"बाई, त्या रजिस्टरात बघून एक सांगाल? डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात किती घोडे जन्मले?"

बाईंनी आधी तिच्याकडे बघितलं, मग चष्मा खाली ओढून पानं उलटली. खूप पानं उलटली.

"सोळा वर्षांत एक," त्या म्हणाल्या. "तांबूस. मागचे दोन्ही पाय पांढरे."

"आणि जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात?"

"त्या आठवड्यात काय," बाई म्हणाल्या, "घोड्या रांगच लावतात." आणि स्वतःच बोललेलं ऐकून त्यांनी रजिस्टर मिटलं.

थोरलीने अर्ज उलटा केला. मागच्या कोऱ्या बाजूवर तिने उभ्या उभ्या लिहिलं, खिडकीच्या कट्ट्यावर कोपर टेकून. मागे रांगेतला एक माणूस खोकला, तिने वळून पाहिलं नाही. लिहून झाल्यावर तिने अर्ज पुन्हा आत सरकवला.

"दुरुस्ती करा," ती म्हणाली. "नंबर बंद करायचा तर करा. पण ही मागची बाजू आत साहेबांना द्या, आणि पोच द्या. शिक्का मारून."

बाईंनी शिक्का मारला. पोच आजही खोगिरांच्या खोलीत, वहीशेजारी, त्याच खिळ्याला टांगलेली आहे. काळा घोडा दोरीवर धावतो आणि कागदावर बंद आहे. मागच्या बाजूला काय लिहिलं होतं ते तुम्ही वाचलं असेलच, तरी पुन्हा सांगते असं थोरली म्हणते:

माझ्या बाबांनी खरी तारीख लिहिली, तुम्ही त्यांच्या घोड्याचं एक वर्ष कापलंत. मी खरी तारीख लिहायला आले, तुम्ही माझ्या घोड्याचं एक वर्ष बंद करताय. ज्यांच्या घोड्या एक जानेवारीला रांग लावतात, त्यांचं काय कापता? तुमचंच रजिस्टर उघडा, मोजा, आणि मला लेखी उत्तर द्या.