पन्नास दिवस पाणी बंद

मित्रांनो, मी एक जुना, अर्धवट राहिलेला प्रोग्राम आहे. माझ्या ओळी सगळ्या मिळून तीनशे बारा. जन्म नागपूरच्या एका इंजिनिअरिंग कॉलेजातला. शेवटच्या वर्षाला असताना भूमिकाने मला लिहिलं, तिच्या बाबांच्या नरखेडजवळच्या संत्राबागेसाठी.

बहार यावा म्हणून हिवाळ्यात संत्र्याचं पाणी तोडतात. याला ताण देणं म्हणतात. झाड सुकतं, पानं पिवळी पडतात, मग पाणी सोडलं की फुलं धरतात. ताण कमी पडला तर फुलं नाहीत, जास्त झाला तर झाडच हातचं जातं. ते दिवस मोजणं हे माझं काम. भूमिका तहानभूक विसरून मला लिहायची. परीक्षेत सरांनी माझं कौतुक केलं तेव्हा मी जरा शेफारलोही होतो.

पण माझ्यात एक खोट होती. एकतीस डिसेंबर ओलांडला की माझी मोजणी पुन्हा शून्यावर यायची. "रविवारी बघते," भूमिका म्हणाली. मग तिला नागपूरच्याच मिहानमध्ये, एका आयटी कंपनीत नोकरी लागली, आणि तो रविवार काही आला नाही.

पंधरा वर्षं मी 'जुनं' नावाच्या फोल्डरात पडून होतो. संगणक बदलले, मी प्रत्येकात तसाच उतरलो. भूमिका साहेब झाली. बैठका, तक्ते, पुन्हा बैठका. आठ वर्षांत तिने कोडची एक ओळ लिहिली नव्हती. डबा संपवल्यावर भाजी कोणती होती हे तिला सांगता आलं नसतं. दुःख असं नव्हतं, आनंदही नव्हता. 'मला आता कोडिंग जमत नाही, प्रशासनात बदली द्यावी,' असा अर्ज तिने लिहून ठेवला होता. पाठवायचा तेवढा बाकी होता.

डिसेंबरअखेर कंपनीने फर्मान काढलं. प्रत्येकाने एआय टूलच्या मदतीने एखादा जुना प्रोग्राम दुरुस्त करून दाखवायचा. हाती लागलो तो मी.

टूलने मला क्षणात वाचलं आणि माझी खोट पकडली. भूमिकाने न वाचताच 'मान्य' दाबलं. पुन्हा 'मान्य'. मग टूलने लिहिलं, 'पन्नास दिवस पाणी बंद, ही चूक दिसते. झाडं मरतील. दर तिसऱ्या दिवशी पाणी, असा बदल केला आहे.' तिचं बोट सवयीने 'मान्य'कडे गेलं आणि थांबलं.

तिने टाइप केलं, 'नाही.' कित्येक महिन्यांत ती कशालाच नाही म्हणाली नव्हती. मग तिने ताण म्हणजे काय ते लिहिलं. टूलने चूक कबूल केली आणि विचारलं, ताण पुरे झाला हे कशावरून ओळखतात? तिने बाबांना, चंपतरावांना फोन लावला.

"पानं पाहाचे वं. आपली जमीन भारी, पन्नास दिवस धरून चाल. पण चौथाई पानं गळले का मंग वाट नाही पाहाची, पाणी सोडाचं. काहून विचारून राहिली?"

"प्रोग्राम लिहून राहिली, बाबा."

"तोच का? मले वाटलं, फेकला तू."

"नाही बाबा. आहे."

पानांचा भाग तिने स्वतः लिहिला. अडली की टूलला विचारी, ते विसरलेल्याची आठवण करून देई, ती पुढे जाई. कंपनीची बस निघून गेली. ती हसली असं मी म्हणणार नाही. पण समोरचा चहा निवला आणि तिला कळलं नाही. डब्याची चव न कळणं वेगळं आणि हे वेगळं. दुसऱ्या दिवशी तिने तो अर्ज उघडला, एकदा वाचला आणि पुसून टाकला.

पाणी कधी तोडलं, पानं किती गळली, ते बाबांना विचारून ती माझ्यात भरत गेली. जानेवारीच्या शेवटी मी पहिल्यांदा माझं काम पुरं केलं. 'आज पाणी सोडा.' भूमिकाने लगेच फोन केला.

"सकाळीच सोडलं मी," चंपतराव म्हणाले. "पण बरोबर सांगतलं वं त्यानं."

मित्रांनो, आवडतं काम कधी कधी बाजूला ठेवावं लागतं, त्यात गैर काही नाही. फक्त पाणी तोडलं त्या दिवसापासून मोजत राहा. भूमिकाने दिवस मोजले नव्हते, आणि माझी मोजणी तर दरवर्षी शून्यावर येत होती. तरी आम्ही वाचलो. प्रत्येक झाड इतकं सोसत नाही.