शनिवारची ढोलकी

या, असे सतरंजीवर पुढे सरकून बसा. पेटी अजून उघडलेली नाही, कीर्तनाला अवकाश आहे. तेवढ्यात या ढोलकीची एक गोष्ट ऐकून घ्या.

"आक्का, पुन्हा?" लातूरच्या क्लासेसच्या गल्लीतल्या टीचभर दुकानातून रामलिंग ओरडला. "मागल्या शनवारी तर ताणून दिली व्हती!"

"पोरं लई द्वाड हायत रे बाबा." केवळाबाईने काखेतली ढोलकी त्याच्या पुढ्यात ठेवली. "चर्चात रविवारच्या शाळेला येतेत न्हवं. बडवून बडवून पार ढिली करून टाकतेत."

"मग कुलपात घाला."

"देवाच्या घरातली वस्तू कुलपात घालू? धर, धपाटं खा. ऊन हाय तवर खा."

तिच्या उजव्या अंगठ्याला चिंधी बांधलेली होती. रामलिंगने विचारलं, तसा तिने हात पदराखाली घेतला. "विळी लागली. तू आपलं तुझं काम कर."

केवळाबाई मिशनच्या दवाखान्यात आया होती. निवृत्त झाल्यावर चर्च झाडायचं आणि सतरंज्या अंथरायच्या, एवढंच तिने आपल्याकडे ठेवलं होतं. रामलिंग दोरीच्या कड्या पुढे सरकवून ढोलकी ताणायचा, कातड्याच्या पानावर टिचकी मारायचा, कान लावायचा. ढोलकी बोलायला लागली की बाई उठायची. जाताना दर वेळी तेच वाक्य.

"उद्या साडेनवाला भजन हाय."

"म्हाईत हाय."

आणि रविवारी तो यायचा नाही. बावीस वर्षं हे असंच चाललं होतं.

ढोलकी मूळची त्याचीच. शरणप्पा मास्तर येशूची कीर्तनं करायचे आणि साथीला रामलिंग असायचा. त्र्याण्णव साली भूकंप झाला, त्याच्या आदल्या संध्याकाळी औशाला कीर्तन होतं. संपायला उशीर झाला, म्हणून तो तिथेच राहिला. सकाळी गावी पोचला तेव्हा त्याला स्वतःची गल्लीच सापडेना. बायको आणि चार वर्षांची सुकन्या, दोघी भिंतीच्या दगडांखाली होत्या.

"त्याचं गाणं वाजवायला मी गेलतो," तो ढोलकी मास्तरांच्या हवाली करत म्हणाला, "आन् त्यानं माझं घर राखलं न्हाई. आता त्याचं माझं मिटलं."

मास्तरांनी शास्त्र काढलं, वचनं सांगितली. रामलिंगने फळकुटाचं दार त्यांच्या तोंडावर लावलं. पुढे तो लातुरात आला, वाद्यं दुरुस्त करू लागला. भजनी मंडळांचे पखवाज यायचे, तबले यायचे. नीट झालं का, एवढ्यापुरती थाप मारायचा. पुरता ठेका त्याने कधी धरला नाही. आजूबाजूची घरं जाऊन तिथे कोचिंग क्लास उभे राहिले, पोरांच्या फोटोंचे बोर्ड लागले. केवळाबाईने एकही वचन सांगितलं नाही. ती फक्त शनिवारी ढोलकी घेऊन यायची.

ज्या उन्हाळ्यात लातूरला रेल्वेने पाणी आलं, त्या उन्हाळ्यातल्या एका शनिवारी ढोलकी घेऊन रिक्षातून मास्तर उतरले. ऐंशीला टेकलेले, थकलेले.

"बाई मंगळवारपासून दवाखान्यात हायत," ते म्हणाले. "छातीत पाणी झालंय. पण निरोप पक्का, शनवार चुकवू नगा म्हणून. ढोलकीला काय झालंय, मला तर कळंना."

रामलिंगने टिचकी मारली. मग दुसऱ्या अंगाला मारली. ढोलकी टणटणीत होती. गेल्या शनिवारी त्याने दिली तशीच, कड्या होत्या तिथेच.

"या हप्त्याला शाळेची पोरं आली न्हाईत व्हय?"

"आली की. का?"

"मग ढिली कशी झाली न्हाई?"

"पोरांनी?" मास्तर हसले. "अरे, ढोलकीला बोट लावलं तरी बाई कान पिळतेत! शुक्रवारी झाडलोट झाली की एकट्याच घेऊन बसतेत तिला. पुसत असतील."

रामलिंग कड्यांकडे बघत राहिला. या घट्ट बसलेल्या कड्या मागे सारायच्या म्हणजे त्याचासुद्धा अंगठा दुखायचा. त्याला चिंधी आठवली. कधी विळी, कधी पाटा, कधी दाराची कडी.

शेजारच्या क्लासमध्ये सर मोठ्याने गणित सांगत होते.

"मास्तर, उद्या साडेनवालाच का?"

मास्तर आपल्या चपला शोधत होते. त्यांनी वर पाहिलं नाही. "साडेनवालाच."

तो सव्वानऊलाच आला. राग गेला होता असं म्हणवत नाही. तो रागासकट येऊन बसला. मास्तरांनी पद उचललं:

"किती वेळ झाला, तरी तो न गेला,
माझ्या उंबऱ्याला पाय त्याचे."

रामलिंगची पहिलीच थाप चुकली. मास्तरांनी मागे पाहिलं नाही. तीच ओळ पुन्हा म्हटली. दुसऱ्यांदाही चुकली. पुन्हा तीच ओळ. चौथ्या वेळी ठेका बसला आणि बायांच्या बाजूला कुणीतरी हुंदका दिला.

दुपारी तो दवाखान्यात गेला. केवळाबाईने डोळे उघडले आणि त्याची सुजलेली बोटं बघितली. बराच वेळ बघितली.

"ढिली व्हती का रे?"

"न्हाई आक्का. चांगली घट्ट व्हती."

"मग कशाला आलास तू?"

"लई वर्सं तुम्ही बोलवत व्हता म्हणून."

बाई कसनुशी हसली. "खोटं बोलले रे तुझ्याशी. पोरांच्या नावानं. देव माफ करंल का?"

"त्यानंच शिकवलं आसंल तुम्हाला," रामलिंग म्हणाला आणि त्याने तिचा चिंधीचा अंगठा आपल्या मुठीत धरला.

पुढच्या शुक्रवारी ती गेली.

तो बघा, खांबाजवळ बसलाय तो रामलिंग. आता केस पिकलेत. कीर्तनाआधी उजवा अंगठा कडीवरून एकदा फिरवतो, मगच हात ठेवतो. मास्तरांनी पेटी उघडली वाटतं. पहिली थाप पडेल तेव्हा, बाबांनो, मनातल्या मनात केवळाबाईचं नाव घ्या. दर शनिवारी तेच निमित्त घेऊन येत होती बिचारी.