सतराशे ऐंशीची राणी

पिशवीत तीन किलोच्या वर नाणी होती. माझ्या धाकट्या बहिणीचा नवरा बोटीवर स्वयंपाकी होता. प्रत्येक बंदरातली उरलेली चिल्लर तो त्या पिशवीत टाकत आला आणि वारला तेव्हा तेवढीच मागे ठेवून गेला. मी नाण्यांच्या दुकानात चाळीस वर्षं निवडायचं काम करतो, म्हणून ती माझ्या टेबलावर आली.

आठवड्यापूर्वी वरच्या थरातच चांदीचं एक मोठं नाणं हाती लागलं. भरल्या अंगाची राणी, मागे दोन डोक्यांचा गरुड आणि साल १७८०. अक्षरं आणि आकडे मी साठीला आल्यावर शिकलो. तोवर माझी पद्धत ठरलेली होती: आधी नखाने कड चाचपायची, मग नाणं लाकडावर टाकून आवाज ऐकायचा, भिंग सगळ्यात शेवटी. त्या दिवशी मी साल वाचलं आणि तिथेच थांबलो. लगेच स्वतःच्या हाताने चिठ्ठी लिहिली, 'अस्सल, सन १७८०', आणि खाली सही ठोकली. तोवर दुकानात चिठ्ठ्या फक्त मालक लिहायचे.

त्या चिठ्ठीवर एका निवृत्त मास्तरांनी अख्ख्या पिशवीचे साठ हजार कबूल केले. बहिणीने लगेच एक खोली पाहिली. दोन वर्षं ती मुलाच्या घरी स्वयंपाकघरात, फ्रिजशेजारी झोपत होती. खोलीवालीला आज संध्याकाळपर्यंत आगाऊ भाडं हवं होतं आणि मास्तर बारा वाजता येणार होते.

अकरा वाजता मी राहिलेली पिशवी उपसायला घेतली. चुंबकाला चिकटणारी एका ताटलीत, भोकाची दुसऱ्या ताटलीत. बहीण समोर बसली होती.

"सुनेला सांगूनच आले," ती म्हणाली. "म्हटलं, बाई, उद्यापासून फ्रिजची घरघर तू ऐक."

"एवढं बोललीस?"

"दोन वर्षांचं साठलं होतं, दादा."

तळाशी बोटांना जाड कड लागली, उठावाच्या अक्षरांची. बाहेर काढलं तर तीच राणी, तेच साल. थोड्या वेळाने तिसरं निघालं. पहिलं झिजून गुळगुळीत झालेलं, दुसरं अर्धवट झिजलेलं, आणि हे तिसरं इतकं करकरीत, जणू कालच पाडलंय. एकाच सालच्या तीन नाण्यांची झीज एवढी वेगळी कशी?

मालक मुलीकडे गेले होते. त्यांना फोन लावला. ते हसायलाच लागले. "अहो, राणी गेली त्याच साली. पण लांबलांबच्या बाजारात लोकांचा त्याच नाण्यावर विश्वास. मग तेच साल टाकून पुढे दीड-दोनशे वर्षं पाडत राहिले. साल बघून काय कळणार?" जुनं ओळखायच्या खुणा त्यांनी सांगितल्या. मी एकेक भिंगाखाली पाहिली. पहिल्या नाण्यावर त्यातली एकही नव्हती.

"चिठ्ठी-बिठ्ठी दिली नाहीत ना कुणाला?"

"सांगतो नंतर," म्हणून मी फोन ठेवला.

बहिणीने सगळं ऐकलं होतं. "म्हणजे खोटं आहे?"

"चांदी खरी आहे. वय खरं नाही."

घड्याळात बाराला दहा कमी होते.

"मास्तरांना यातलं काय कळतं?"

"काही नाही. म्हणून तर ते माझ्या चिठ्ठीवर येतायत."

तिने आत्ता निघालेली दोन्ही नाणी उचलली आणि पर्समध्ये टाकली. "तू बोलू नकोस. खोटंही सांगू नकोस. नुसता गप्प बस. आजवर तुझ्याकडे काही मागितलंय मी?"

नव्हतं मागितलं.

मास्तर वेळेच्या आधीच आले. नोटांचं पाकीट टेबलावर ठेवून त्यांनी हौसेने विचारलं, "काय, आणखी काही निघालं की नाही पिशवीतून?"

बहीण माझ्याकडे बघत होती. मी भिंग खाली ठेवलं.

"निघालं," मी म्हणालो. "बाई, पर्स उघड."

ती हलली नाही. शेवटी तिने ती नाणी काढून टेबलावर आपटली.

मी मास्तरांना सगळं सांगितलं. त्यांनी खिशातून चिठ्ठी काढली. "इथे अस्सल लिहिलंय."

"मीच लिहिलंय. चुकलो."

"मला ते एकच हवं होतं हो. बाकीची चिल्लर घेऊन मी काय करू?" त्यांनी तिन्ही राण्या हातात घेऊन तोलून पाहिल्या. मग चांदीच्या भावाने तिन्ही आणि बाकीचं मिळून सतरा हजार मोजले. चिठ्ठी मागायला मी हात पुढे केला, तर त्यांनी ती घडी करून परत खिशात घातली. "ही राहू द्या माझ्याकडे. तुमच्या मालकांना दाखवायचीय."

ते गेल्यावर बहिणीने खोलीवालीला फोन केला. "नाही जमत हो. द्या दुसऱ्या कुणाला." आवाज अगदी सरळ होता. मग तिने पैसे न मोजता पर्समध्ये कोंबले.

"सून दारातच उभी असेल," ती म्हणाली. "चल माझ्याबरोबर. काय झालं ते तू सांगायचंस. मी तोंड उघडणार नाही."

मी दुकानाचं शटर ओढलं. रस्त्यावर ती पुढे चालत होती. माझे गुडघे दुखतात हे तिला माहीत आहे, एरवी ती थांबते.